पैसे देण्याआधी जुन्या मालकाचं अकाउंट समोर बसून काढून घ्या

तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात मांडतो. बहीण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकते, तिच्यासाठी जाहिरात बघून मिरजेतल्या एका मुलाकडून सॅमसंगचा गॅलेक्सी ए५४ बारा हजारांना घ्यायचा आहे. तो म्हणतो की फोन रिसेट करून ठेवलाय, घरी नेऊन तुमचं अकाउंट टाका. बिल पुरात गेलं. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, म्हणून आजच दोन हजार टोकन पाठवा. घ्यावा का?

टोकन पाठवू नका, हे आधी सांगतो. फोन घ्यायचा की नाही ते मात्र समोर बसून, नेट चालू ठेवून तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. फोटो बघून नाही, व्हिडिओ बघून नाही, आणि "रिसेट करून ठेवलाय" या शब्दावर तर अजिबात नाही.

रिसेटची खरी गंमत इथेच आहे. अँड्रॉइड फोन दोन तऱ्हेने रिसेट होतो. एक सेटिंगमध्ये जाऊन, जिथे स्क्रीन लॉकचा पिन मागतात. पिन देणारा मालक आहे असं धरून फोन गूगलचं लॉकही, म्हणजे जुन्या मालकाचं अकाउंट मागणारं कुलूप, सोडून देतो. दुसरी तऱ्हा फोन बंद करून, पॉवर आणि आवाजाची बटणं दाबून उघडणाऱ्या रिकव्हरी मेनूतून. इथे पिन लागत नाही, डेटा सगळा उडतो, पण गूगलचं लॉक तसंच राहतं. २०१५ साली अँड्रॉइड ५.१ बरोबर आलेली ही लॉकची सोय मुळात चोरांना अडवायलाच आहे. रस्त्यात सापडलेला किंवा एसटीत मारलेला फोन असाच बटणं दाबून पुसला जातो. दोन्ही तऱ्हांनंतर दिसणारी पहिली स्क्रीन सारखीच: स्वागत, भाषा निवडा, पुढे. म्हणजे तो मुलगा जी स्क्रीन दाखवतोय ती बघून काहीच कळत नाही. फरक कळतो वायफाय जोडून पुढे गेल्यावर.

म्हणून तिथे असं करा. तुमच्या मोबाइलचं हॉटस्पॉट चालू करा आणि फोन त्याला जोडून सेटअप पुढे न्या. लॉक असेल तर तो आधीचा पिन किंवा पॅटर्न मागेल, नाहीतर या फोनवर आधी असलेलं गूगल अकाउंट टाका म्हणेल, आणि ते पान ओलांडायला बटणच नसेल. लॉक नसेल तर गूगलच्या पानावर 'स्किप' दिसेल. ते दाबून होम स्क्रीनपर्यंत जा. नेट न जोडता सेटअप पुरा करून दाखवतो म्हणाला तर नको म्हणा, हे सगळं नेट असतानाच बघायचं.

होम स्क्रीन दिसली की लगेच खिशात हात घालू नका. तुमचं गूगल अकाउंट टाका, नवा पिन बसवा, प्ले स्टोअरमधून एखादं छोटं अ‍ॅप उतरवा, फोन बंद करून चालू करा. अँड्रॉइड १५ पासून गूगलने हे लॉक बरंच कडक केलंय. कुणी काहीतरी युक्ती करून सेटअप ओलांडला असला तरी लॉक सुटत नाही; नवं अकाउंट टाकता येत नाही, पिन ठेवता येत नाही, अ‍ॅप घालता येत नाही. ही तीन कामं बिनबोभाट झाली तर गूगलपुरती काळजी मिटली. फोन पटला नाही तर निघण्याआधी तुमचं अकाउंट काढून सेटिंगमधूनच रिसेट करून द्या.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे फोन रिसेट न करता, चालू स्थितीत बघायला मागणं. जाहिरातीतला फोन आधीच पुसलेला असला की माझं मन साशंक होतं, कारण चालू फोन खूप काही सांगतो. सेटिंगमध्ये सगळ्यात वर सॅमसंग अकाउंटचं नाव दिसतं. ते विकणाऱ्याचंच आहे का? त्याने तुमच्या देखत आधी सॅमसंग अकाउंट काढायचं (पासवर्ड लागतो), मग गूगल अकाउंट, मग स्क्रीन लॉक, आणि शेवटी सेटिंगमधून रिसेट. सॅमसंग अकाउंट लोक हमखास विसरतात. गूगलचं काढलं म्हणजे झालं असं वाटतं आणि रिसेटनंतर दुसरंच कुलूप समोर येतं. शाओमी, रेडमी, पोकोमध्ये हेच शाओमी अकाउंटचं. जुन्या फोनवर त्याला मी अकाउंट म्हणतात. 'फाइंड डिव्हाइस' (हरवलेला फोन शोधायची सोय) चालू ठेवून पुसला तर फोन त्या अकाउंटचा पासवर्ड मागत बसतो. कोणत्याही कंपनीचा फोन असो, सेटिंगच्या वरच्या भागात कंपनीचं स्वतःचं अकाउंट आहे का ते बघायचंच.

आता आपल्याकडची एक खरी अडचण. अनेकांचं जीमेल दुकानदाराने फोन विकताना काउंटरवरच काढून दिलेलं असतं. शेतकरी माणूस, घरातल्या आई, मावशी, आजोबा यांना तो पासवर्ड कधी ठाऊकच नसतो. त्यामुळे "पासवर्ड माहीत नाही" म्हणणारा प्रत्येक जण चोर ठरत नाही. पण मेख अशी की फोन उघडत असेल तर गूगलच्या पासवर्डची साधारण गरजच पडत नाही. अकाउंट काढायला आणि सेटिंगमधून रिसेट करायला स्क्रीन लॉकचा पिन पुरतो, आणि रोज फोन वापरणाऱ्याला तो येतोच. म्हणून पासवर्ड विसरला तर त्याला पिन टाकून दाखवायला सांगा. पिनही येत नाही म्हणाला तर तिथेच उठा. आणि मुद्दाम फोन विकायला म्हणून कुणी गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेट करायला एक दिवस थांबा. पासवर्ड बदलल्यावर २४ तास थांबून मग रिसेट करा असं गूगलच सांगतं.

आयफोनचं विचारलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांना तोच हवा असतो, म्हणून सांगतो. तिथलं अ‍ॅक्टिव्हेशन लॉक २०१३ मध्ये आयओएस ७ बरोबर आलं आणि ते फार पक्कं आहे. त्याची नोंद अ‍ॅपलच्या सर्व्हरवर असते, त्यामुळे फोन कितीही वेळा पुसला तरी जात नाही. मालकाने 'फाइंड माय' (अ‍ॅपलची फोन शोधायची सोय) बंद करायचं, अ‍ॅपल अकाउंटमधून बाहेर पडायचं आणि मग सगळा मजकूर पुसायचा. यात पासवर्ड लागतो. पासवर्ड विसरला असेल तर फोनच्या पासकोडवरून तो सेटिंगमध्ये बदलता येतो. मात्र २०२४ पासून 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आलंय. ते चालू असेल आणि मालक नेहमीच्या जागेपासून लांब असेल तर पासवर्ड बदलायला तासभर थांबावं लागतं. अशा वेळी विकणाऱ्याच्या घरी गेलेलं बरं. मालक बाहेरगावी असेल तरी अडत नाही, तो आयक्लाउडच्या वेबसाइटवरून फोन आपल्या अकाउंटमधून काढून टाकू शकतो. तुम्ही समोर असताना फोनवर बोलून करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. "सध्या माझ्याच आयडीवर वापरा, नंतर काढतो" हे कधीही मान्य करू नका. ज्याच्या आयडीवर फोन आहे तो घरबसल्या तुमचा फोन बंद करू शकतो, आणि मग उघडायचे पैसे मागू शकतो. आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख नंबर) टाकून लॉक आहे का ते सांगणारं अ‍ॅपलचं स्वतःचं पान २०१७ च्या सुरुवातीलाच बंद झालं, तेव्हा त्या नावाने पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नका.

यापेक्षाही जास्त फसगत मी हप्त्याच्या फोनमध्ये बघतो. झिरो डाउन पेमेंटवर घेतलेल्या अनेक फोनमध्ये फायनान्सवाल्याचं लॉक असतं. हप्ते थकले की पूर्ण स्क्रीनवर पैसे भरा असा संदेश येतो आणि फोन जागेवर बसतो. हे कुलूप गूगलच्या अकाउंटशी बांधलेलं नसतं, त्यामुळे वरची सगळी तपासणी पास होऊनही दोन महिन्यांनी फोन बंद पडू शकतो. रिसेट केल्यावर नेट लागताच ते परत येतं असंही होतं. सेटिंगच्या शोधात 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' टाइप करा. तिथे फायनान्सचं किंवा अनोळखी अ‍ॅप चालू दिसलं, किंवा लॉक स्क्रीनवर हा फोन एखाद्या संस्थेच्या ताब्यात असल्याची ओळ दिसली, तर सरळ विचारा. हप्त्यावर घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी मागायची. फिटलेल्या माणसाकडे ती असते किंवा मिळवता येते. ऑफिसने कर्मचाऱ्याला दिलेल्या फोनचंही असंच, तो विकायचा हक्क त्या कर्मचाऱ्याला नसतो. आयफोनमध्ये 'जनरल'खाली व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंटचं पान उघडून बघा, आणि सेटअपच्या वेळी 'रिमोट मॅनेजमेंट' लिहून आलं तर सोडून द्या.

मग आयएमईआय. *#०६# दाबलं की पंधरा आकडी नंबर येतो, दोन सिमचे दोन. बॉक्स असेल तर त्यावरच्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो नंबर, असं लिहून १४४२२ ला पाठवा. सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर किंवा अ‍ॅपमध्येही हे बघता येतं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असलेला असं काही उत्तर आलं तर घेऊ नका. मॉडेलचं नावही वाचा. हातात ए५४ आणि उत्तरात भलताच फोन आला तर नंबर बदललेला आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. पण उत्तर स्वच्छ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याचा फोन काल चोरीला गेला त्याने अजून तक्रार दिलेली नसेल. तो उद्या पोलिसांत जाऊन नंबर ब्लॉक करेल, आणि मग देशात कुठल्याच कंपनीचं सिम त्यात चालणार नाही. वर पोलिसांचा फोन तुम्हाला येईल, आणि फोन मूळ मालकाला परत जाईल. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ घेणाऱ्यालाही लागतं. म्हणूनच मी अकाउंटवर एवढा भर देतोय. आयएमईआय फक्त तक्रार झाली का ते सांगतो. विकणारा खरंच तो फोन वापरत होता का, हे अकाउंट आणि पिन सांगतात.

आता तुमचं "बिल पुरात गेलं". सांगलीत हे कारण ऐकून कुणाला हसू येणार नाही, आपण ते दिवस बघितलेत. पण मोठे पूर २०१९ च्या ऑगस्टमधले आणि २०२१ च्या जुलैमधले, आणि ए५४ आपल्याकडे आला मार्च २०२३ मध्ये. त्यानंतरही नदीकाठच्या सखल भागात पाणी शिरलंय, तेव्हा मी त्या मुलाला खोटा म्हणणार नाही. कुठल्या साली, कुठे राहत होता ते शांतपणे विचारा. फोन ऑनलाइन घेतला असेल तर बिल आजही त्याच्या अकाउंटमधल्या जुन्या ऑर्डरमध्ये पडलेलं असतं, आणि दुकानातून घेतला असेल तर बऱ्याच दुकानदारांकडे त्याची नोंद निघते. पुरात कागद जातो, ही नोंद जात नाही. फोन स्वतःही पाण्यातून गेलाय का, ते सिमच्या खाचेत टॉर्च मारून बघा, आतली पांढरी खूण लाल झालेली असेल तर ओल लागली आहे.

कुणीतरी तुम्हाला सांगेलच की फोनला लॉक असलं तरी घ्या, हजारभर रुपयांत दुकानात उघडून देतात. नका घेऊ. कुलूप तोडून घरात शिरलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. अशा फोनचं लॉक पुढच्या अपडेटला किंवा रिसेटला परत उभं राहतं, आयफोनमध्ये तर बऱ्याचदा सिमच चालत नाही. आणि तो फोन मुळात कुणाचा, हा प्रश्न तसाच राहतो.

तर आज त्या मुलाला एवढंच कळवा: रोख किंवा यूपीआय, जागेवर पूर्ण पैसे देतो, टोकन देत नाही. फोन सांगलीत विश्रामबागला किंवा तुझ्या घरी बघतो, तासभर लागेल. सॅमसंग आणि गूगल अकाउंट माहीत असलेला माणूस सोबत हवा. जाताना तुमचं चालू सिम आणि सिम काढायची पिन न्या, त्याच सिमवरून एक फोन लावून बघा. सॅमसंगमध्ये *#०*# दाबलं की स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा तपासायचा मेनू उघडतो, तोही बघून घ्या. सगळं जुळलं तर साध्या कागदावर विक्रीची पावती लिहून घ्या. त्यात मॉडेल, दोन्ही आयएमईआय, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या, आणि सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. प्रामाणिक माणूस यातल्या कशालाही नाही म्हणत नाही. तो टोकनवरच अडून बसला, तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ द्या. बहिणीसाठी याच पैशात बिल देणाऱ्या दुकानातून, बिलावर आयएमईआय लिहून घेऊन, थोडा साधा फोन मिळेल. तो घ्या.