डब्लिनहून न्यूग्रेंजला जाताना डूलीकचा रस्त्यावरचा क्रूस बघावा, की सोडून द्यावा?

सोडू नका. तुम्ही विचारलंय, "न्यूग्रेंज आणि आसपासची प्राचीन स्मारकं एका दिवसात करायची आहेत, त्यात डूलीक गावातल्या त्या दगडी खांबासाठी थांबण्यात अर्थ आहे का?" त्यातल्या 'दगडी खांब' या दोन शब्दांमुळे लिहायला बसलो. न्यूग्रेंज या दगडी बोळाच्या प्राचीन थडग्याबद्दल सांगणारे इथे ढिगाने आहेत.

माझ्या साडूंनी गाडीत बसल्या बसल्या हेच विचारलं होतं. मी मूळचा वसईचा, आता डब्लिनला असतो. त्या उन्हाळ्यात साडू, मेव्हणी आणि सासूबाई आमच्याकडे आले होते. साडूंनी मुंबईहूनच बेत आखून आणलेला: सकाळी न्यूग्रेंज, संध्याकाळी मोहरचे कडे. एक पूर्व किनाऱ्याजवळ, दुसरं थेट अटलांटिकच्या काठावर, पण त्यांना कोण समजावणार! न्यूग्रेंजची वेळ दुपारची मिळाली, मोहर आपोआप बारगळलं, आणि मोकळ्या सकाळी मी गाडी डूलीककडे घेतली.

क्रूस गावाच्या मधोमध, मुख्य रस्त्यालाच आहे. चौकोनी खांब, त्यावर चौकटींमध्ये कोरलेले संत, आणि लेख. सासूबाईंनी उतरताच विचारलं, "कोणाचा क्रूस?" आमच्याकडे क्रूस कुणाचा तरी असतोच. कुणी नवसाचा उभारलेला, कुणी प्लेगच्या साथीत, कुणी गेलेल्या माणसाच्या नावाने. मी सांगितलं: जेनेट डाउडल नावाच्या बाईने १६०१ साली नवऱ्यासाठी आणि स्वतःसाठी उभारला. नवरा विल्यम बाथ, न्यायाधीश, १५९९ मध्ये वारला. देवाने आत्म्यांवर दया करावी, एवढंच मागणं त्यावर कोरलंय.

हे मागणं त्या काळी साधं नव्हतं. राज्य एलिझाबेथ राणीचं, अधिकृत धर्म प्रोटेस्टंट, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं त्या मताला अजिबात मान्य नाही. डाउडल आणि बाथ ही पिढ्यान् पिढ्या आयर्लंडमध्ये राहिलेली, मूळ इंग्रज वंशाची कॅथलिक घराणी. नवरा सरकारी न्यायाधीश, आणि त्याची बायको भररस्त्यात संत कोरून प्रार्थनेचा दगड उभा करते! बाईची हिंमत बघा. याच जोडप्याने १५८७ मध्ये डूलीकला नॅनी नदीवरचा पूलही बांधून घेतला होता, तिथेही दोघांची नावं आहेत. अथकार्नच्या रस्त्याला याच घराण्याचा आणखी एक क्रूस आहे, त्यालाही पाच मिनिटं द्या.

सासूबाईंनी खांबाला हात लावला, एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मारिया' म्हटली. साडू गाडीत बसून फोन बघत होते. काच खाली करून म्हणाले, "गावात कमी आहेत का असले क्रूस?"

आता खरं सांगतो. आमच्या आळीच्या तोंडाशी असलेला क्रूस रस्ता रुंद करायला मागे सरकवावा, अशी टूम निघाली होती तेव्हा सगळ्यात मोठ्याने "सरकवा" म्हणणारे हेच. "श्रद्धा मनात असते, रहदारीत कशाला?" हे त्यांचं पेटंट वाक्य. जेनेटबाईला कुणी हे ऐकवलं असतं तर तिने काय केलं असतं, असं मी डूलीकमध्ये त्यांना विचारलं. उत्तर आलं नाही. मेव्हणी मात्र उतरून लेख वाचायला आली.

तर तुमचा दिवस. न्यूग्रेंज आणि शेजारचं तसंच प्राचीन थडगं नाउथ, दोन्हीकडे स्वतःची गाडी थेट जात नाही. डोनोरजवळच्या अभ्यागत केंद्रातून बसने नेतात, वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात ऐनवेळी मिळत नाही. न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहून जुनं. एकोणीस मीटरचा बोळ, दारावर वेगळा झरोका, आणि हिवाळी अयनाच्या दिवसांत सूर्योदयाचा किरण त्यातून थेट आतल्या दालनात पोचतो. एरवी आत दिवा लावून तो देखावा दाखवतात, आणि तो पुरतो. समोरची झगझगीत पांढरी भिंत मात्र विसाव्या शतकातल्या पुनर्बांधणीत उभी राहिली. दगड जुने, रचना नवी. मला ती आवडत नाही. नाउथचे कोरीव दगड त्यापेक्षा कितीतरी सरस, वेळ एकाच ठिकाणी असेल तर तिकडे रमा. तिसरं थडगं डाउथ, तिथे मोकळेपणाने जाता येतं, पण दालनात शिरता येत नाही.

डूलीकमध्येच जुन्या मठाच्या मनोऱ्यावर एक गंमत आहे. शेजारी पूर्वी गोल मनोरा होता, तो नाहीसा झाला, पण त्याच्या गोलाईची खूण चौकोनी मनोऱ्याच्या भिंतीत राहिली. गावातल्या कब्रस्तानात नवव्या शतकातला बुटका कोरीव क्रूसही आहे. तो बघून मग ड्रोहेडा शहराच्या उत्तरेला मोनास्टरबॉइसच्या जुन्या मठाच्या जागी जा. तिथला, म्युरडाखने करवून घेतलेला क्रूस साडेपाच मीटरच्या आसपास उंच, दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि त्यावरही तेच लिहिलंय: म्युरडाखसाठी प्रार्थना करा. बुंध्याशी कोरलेली मांजरं मुलांना आधी दाखवा, नाहीतर त्यांना दहा मिनिटांत कंटाळा येतो.

हे सगळं गाडी असेल तर. बसने येणार असाल तर न्यूग्रेंज-नाउथ आणि जमलं तर डूलीक, बाकीचं विसरा. पाऊस जोराचा असला तर मोनास्टरबॉइस वगळा, तिथे आडोसा नाही. आणि तुमच्याबरोबर कुणी गाडीतून न उतरणारं असेल, तर त्यांना मोहरची वेगळी सहल डब्लिनहून बुक करून द्या. मी नंतर साडूंना दिली. धुकं होतं म्हणे, काही दिसलं नाही.