किनाऱ्यावरच्या गावात भिंतीवर स्प्रेने चेहरा रंगवताना ओघळ येतात आणि चेहरा सपाट दिसतो. काय चुकत असावे?

आपण लिहिले आहे की बंदराजवळच्या एका भिंतीवर मासळी विकणाऱ्या आजींचे मोठे व्यक्तिचित्र स्प्रे कॅनने काढण्याचा प्रयत्न केला, परंतु रंग ओघळला, चेहऱ्याला उठाव आला नाही आणि दोन महिन्यांत पापुद्रे सुटू लागले. मी मालवण परिसरात भिंती रंगवतो आणि या तिन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पापुद्र्यांचा दोष बहुधा रंगाचा नसून भिंतीचा असतो. आपल्याकडचा जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात चिऱ्यांच्या भिंतीत मुरलेले पाणी बाहेर पडायला दिवाळी उलटून जाते. त्यातच किनाऱ्यावर भिंतीला लोणा धरतो, म्हणजे क्षारांचा पांढरा थर येतो, आणि त्या थरावर मारलेला रंग क्षारासकट सुटून येतो. पॉलिथिनचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर काम पुढे ढकलावे. भिंत कोरडी असल्यास शेवाळ आणि लोणा तारेच्या ब्रशने खरवडून बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर लावावा. गिलावा नवा असेल तर त्याला किमान 28 दिवस द्यावेत.

ओघळ येतात ते हात थबकल्यामुळे. हात आधी हलू लागला पाहिजे, मग कॅप, म्हणजे कॅनचे फवारणीचे बटण, दाबायची आणि हात थांबण्यापूर्वी बोट उचलायचे. एका दमात रंग झाकण्याचा मोह टाळून दोन-तीन पातळ हात द्यावेत. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे चकचकीत कॅन उशिरा वाळतात, अधिक ओघळतात आणि उन्हात असे चमकतात की लांबून चेहरा ओळखू येत नाही. चेहऱ्यासाठी मॅट रंगच घ्यावा.

आता सपाटपणाविषयी, कारण खरे कसब तिथे लागते. मी स्प्रे पहिल्यांदा हातात घेतला तो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या गनवर. मूर्तीच्या गालावर आणि पोटावर छटा कशी विरत जाते आणि पापणीची आखणी मात्र कशी धारदार राहते, हे तिथे पाहिले असेल तर भिंतीवरचा चेहरा निम्मा समजला. कॅन भिंतीपासून सुमारे 10 सेंटिमीटरवर धरला तर रेघ घट्ट येते, 30 सेंटिमीटरवर नेला तर रंगाची भुकटी पसरते. पापण्या, नाकपुड्या आणि ओठांमधली रेघ जवळून मारावी. कपाळ, गाल आणि गळा लांबून. आधी संपूर्ण चेहरा मधल्या छटेत भरावा, मग तपकिरी-जांभळी सावली द्यावी आणि दोहोंच्या सीमेवर पुन्हा मधल्या छटेची भुकटी लांबून उडवावी. येथे रंग पॅलेटवर मिसळत नाहीत. दोन रंगांचे बारीक ठिपके शेजारी बसतात आणि लांबून पाहणाऱ्याला तिसरी छटा दिसते. सावलीसाठी काळा वापरू नये, त्याने चेहरा काजळी धरल्यासारखा दिसतो. आजींच्या सुरकुत्यांसाठी बारीक कॅप नसली तरी अडत नाही: जाड रेघ मारून तिची एक कड त्वचेच्या रंगाने कापत आणायची. अशी कापलेली सुरकुती एका बाजूला तीक्ष्ण आणि दुसऱ्या बाजूला मऊ राहते, जशी ती खऱ्या चेहऱ्यावर असते. गणपतीच्या शाळेत डोळे शेवटी होतात; भिंतीवर मी ते आधी करतो, कारण बाकीची मापे तिथूनच घ्यावी लागतात.

दुपारचे खारे वारे सुटल्यावर लांबून फवारणे निरर्थक आहे. एकदा मी हट्टाने ते केले आणि रंग वाऱ्याबरोबर शेजारी वाळत घातलेल्या बांगडा मासळीवर गेला. “माझ्या बांगड्यांक रंग कित्याक मारतस?” हा प्रश्न ऐकून घेऊन सगळ्या बांगड्यांचे पैसे मोजावे लागले. सकाळी मतलई वारे मंदावलेले असताना, नऊ-साडेनऊपर्यंतचा वेळ सर्वांत चांगला. वारा नसला की रंगाची वाफ नाकातोंडाशी राहते, म्हणून वाफ शोषणारे फिल्टर असलेला मास्क घालावा. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही.

पुन्हा सुरुवात कराल तेव्हा आजींची हनुवटी जमिनीपासून तीन फूट तरी वर घ्या. त्याखालची पट्टी गेरूच्या रंगाने भरून सोडा, कारण पहिल्याच पावसात तांबड्या मातीचे शिंतोडे तिथवर उडणारच आहेत.