कोणती नस?

वाचकांचे प्रश्न, हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या नागपूरच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवताना माझ्या १९ वर्षांच्या मुलाची उजव्या हाताची तर्जनी नायलॉन मांजानं कापली. जवळच्या दवाखान्यात चार टाके घातले. जखम भरली, पण बोट वाकतच नाही. तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आतली नस तुटली आहे, मनगटातली एक जास्तीची नस काढून तिथे बसवू. मग हात तपासला आणि म्हणाले, याच्या मनगटात ती नसच नाही, डाव्या हातातही नाही, पायातली घेऊ. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. माझ्या मुलाच्या अंगात अजून काय काय नाही? तो पोटात असताना मी फार उपास केले होते, त्यानं झालं का? पायातली नस काढली तर तो लंगडेल का?
— एक आई, महाल

उत्तर : ताई, पत्र वाचता वाचता आधी स्वतःचा हात पाहा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट जरासं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध कातडीखाली दोरीसारखं काही ताठ उभं राहिलं का? राहिलं, तर तुमच्या हातात पामॅरिस लाँगस नावाचा स्नायू आहे. तुमचे डॉक्टर ‘जास्तीची नस’ म्हणाले ती याच स्नायूची दोरी. नाही राहिलं, तर बहुधा तो नाही. मग घरातल्या सगळ्यांचे हात बघा. काहींना दोन्हीकडे असतो, काहींना एकाच हाताला, काहींना कुठेच नाही. पुस्तकांत साधारण १५ टक्के लोकांना तो नसतो असं दिलेलं असतं, पण माणसांच्या समूहागणिक हा आकडा बराच बदलतो. हा स्नायू नसलेल्यांची पकड मोजून पाहिली आहे, ती असलेल्यांपेक्षा काही कमी भरत नाही. तुमच्या मुलानं १९ वर्षं याच हातांनी बॅट धरली, पिशव्या उचलल्या, आणि त्यात काही उणं आहे असं कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण उणं काही नव्हतंच.

उपासाचं ओझं मनावरून उतरवा. हातापायांचे स्नायू गर्भात दुसऱ्या महिन्यातच आपापल्या जागी आकार घेतात. कित्येक बायकांना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. कुठला स्नायू होईल, कुठला होणार नाही, कुठला दोन तोंडांचा निघेल, हे नाकाच्या ठेवणीसारखं आहे. एकाच घरातल्या दोन भावांचंही जुळत नाही. आणि हा एक नाही म्हणून बाकीचेही नसतील, असा काही नियम नाही.

आता ‘नस’ या शब्दाकडे येते, कारण निम्मी भीती त्यानंच घातली आहे. आपण रक्त वाहतं तिलाही नस म्हणतो, मुंग्या येतात तिलाही नस म्हणतो आणि बोट ओढणाऱ्या दोरीलाही नसच म्हणतो. या तीन अगदी वेगळ्या वस्तू आहेत : रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि कंडरा. कंडरेला आम्ही दवाखान्यात सरळ टेंडन म्हणतो. तुमच्या मुलाच्या बोटात तुटली आहे ती कंडरा. मनगटातून घ्यायची होती तीही कंडराच. मज्जातंतूला कोणी हात लावणार नाही.

लावायचा नसतो, हे मी कशी शिकले तेही सांगते. तीसेक वर्षांपूर्वी मी निवासी डॉक्टर होते. एका सुतारकाम करणाऱ्या माणसाच्या अंगठ्यासाठी मनगटातून पामॅरिसची कंडरा काढायची होती. ते काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी मनगटाच्या घडीवर छोटा आडवा छेद घेतला, पातळ आवरण बाजूला केलं, तर मधोमध पांढरी दोरी समोरच. खालून चिमटा सरकवला आणि कात्री मागितली. सर पलीकडून म्हणाले, “थांब. हे काय आहे?” मी म्हटलं, पामॅरिस. ते म्हणाले, “नीट बघ.” मी पाहिलं. कंडरा चांदीसारखी चकचकते, बोटाखाली कडक लागते. ही मऊ होती, पिवळसर होती, आणि तिच्या पाठीवरून केसाएवढी एक लाल रक्तवाहिनी लांबच्या लांब गेली होती. ती मीडियन नर्व्ह होती, म्हणजे मनगटातून हातात जाणारा मज्जातंतू. त्या माणसाला पामॅरिस नव्हताच, आणि पामॅरिस नसला की मनगटात पहिली दिसते ती हीच नर्व्ह. ती मी कापली असती तर अंगठा, दोन बोटं आणि तिसऱ्याचा अर्धा भाग कायमचा बधिर झाला असता, आणि अंगठा बोटांसमोर आणायची ताकदही गेली असती. रंधा धरणारा हात होता तो. मी आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन त्याला अंगठा-करंगळी टेकवायला सांगितलं नव्हतं, एवढीच चूक, आणि ती पूर्णपणे माझी. तेव्हापासून रोगी जागा असतानाच त्याच्या मनगटावर मी स्वतः पेनानं रेघ काढते. रेघ काढण्याजोगं काही दिसलं नाही, तर त्या मनगटात शिरतच नाही.

म्हणून तुमच्या डॉक्टरांनी आधी हात तपासून ‘नाही’ म्हटलं, यानं धीर धरा. त्यांनी करायला हवं तेच केलं.

पायातून घेतात ती बहुधा प्लँटॅरिस नावाच्या स्नायूची कंडरा. गुडघ्याच्या मागे बोटभर लांबीचा मांसल भाग आणि तिथून टाचेपर्यंत उतरणारी बारीक, लांबलचक कंडरा. टाचेवरच्या जाड कंडरेला आतल्या बाजूनं बिलगून ती असते, घोट्याजवळच्या छोट्या छेदातून निघते आणि पामॅरिसपेक्षा खूप लांब मिळते. चालणं आणि पळणं पोटरीच्या मोठ्या स्नायूंवर चालतं, प्लँटॅरिस गेल्यानं कोणी लंगडत नाही. मात्र हीसुद्धा सगळ्यांना नसते आणि मनगटासारखी वरून दिसतही नाही. म्हणून आधी सोनोग्राफी करायची का, हे विचारून घ्या. तीही नसली तर पायाची मधली बोटं वर उचलणाऱ्या लांब कंडरांपैकी एक घेता येते. त्या बोटांना वर उचलणारी दुसरी छोटी कंडरा असते, त्यामुळे काम अडत नाही.

एका जागची कंडरा दुसऱ्या जागी कामाला लावण्याची ही विद्या आपल्या देशात मोठी झाली ती कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांसाठी. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड या सर्जननी मनगट उचलणाऱ्या एका स्नायूला प्लँटॅरिसची कंडरा जोडली, तिच्या चार शेपट्या केल्या आणि चार बोटांना दिल्या. दत्तपूर आणि आनंदवन या कुष्ठरोग्यांसाठीच्या संस्था ज्या विदर्भात आहेत, तिथे ‘पायातली दोरी हातात’ ऐकून कोणी घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं.

खरी चिंता बोटाची करा. पहिल्याच दिवशी फक्त कातडी शिवली गेली, त्यामुळे कंडरेची वरची टोकं तळहातात मागे सरकली आणि बोटातली तिची नळी आक्रसली. अशा वेळी बहुधा दोन टप्पे लागतात. आधी नळीत सिलिकॉनची कांडी ठेवतात, साधारण तीन महिन्यांत तिच्याभोवती नवा गुळगुळीत मार्ग तयार होतो, मग कांडी काढून कंडरा घालतात. पण पहिल्या टप्प्याआधी बोटाचे सांधे दुसऱ्या हातानं पूर्ण वाकायला हवेत. कडक झालेल्या सांध्यात कितीही चांगली दोरी घातली तरी बोट हलत नाही. आजपासून फिजिओथेरपी सुरू करा आणि मुलाला सांगा, शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने व्यायाम चुकवायचा नाही, आणि परवानगीशिवाय बादलीही उचलायची नाही.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच बंदी घातली. तरी दर जानेवारीत ‘ओ काट’चा आवाज सुरू झाला की आमच्याकडे अशी बोटं येतात. बोट कापल्यावर टाके घालण्याआधी ‘बोट वाकवून दाखव’ एवढं तरी म्हणवून घ्या. दोन्ही सांधे वेगवेगळे वाकले नाहीत तर त्याच दिवशी हाताच्या सर्जनकडे जा. कंडरा पहिल्या काही दिवसांत सरळ शिवता येते, मग हे दोन टप्पे लागतच नाहीत.

प्रश्न : वय २१. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रेशीमबाग मैदानावर धावते. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, टाचेच्या वर फुगवटा आहे. ८०० मीटरच्या शेवटी तिथे दुखतं आणि तळव्याला मुंग्या येतात. एकानं चरबीची गाठ सांगितली, एकानं मालिश केली. एमआरआयमध्ये ‘ॲक्सेसरी सोलियस’ आलं. काढून टाकावं का?
— प्र., उमरेड रोड

उत्तर : बाळा, ही गाठ नाही, जास्तीचा स्नायू आहे. चवड्यांवर उभी राहा आणि त्यावर बोट ठेव, कडक होईल. चरबीची गाठ अशी कडक होत नाही. जन्मापासूनच आहे, पण धावायला लागल्यावर पोटरी भरते तसा तोही भरतो, म्हणून तुझ्या वयात दिसायला लागतो. मालिशनं विरघळणार नाही, ते बंद कर.

दुखत नसतं तर मी ‘विसरून जा’ म्हटलं असतं. तुला मुंग्या येतात, म्हणजे तो फुगून शेजारच्या मज्जातंतूवर दाब देत असावा. शिवाय हा स्नायू स्वतःच्या घट्ट आवरणात असतो. धावताना फुगला की आत जागा उरत नाही आणि दुखतं. आधी काही आठवडे धावणं कमी कर, सायकल चालव, बूट बदल. तरीही पहिल्याच फेरीत दुखू लागलं तर दोन उपाय : आवरण मोकळं करणं किंवा स्नायूच काढणं. मुंग्या असतील तर माझा कल काढण्याकडे असतो, मज्जातंतू डोळ्यांसमोर ठेवून. भरतीची तारीख आणि शस्त्रक्रियेची तारीख जवळजवळ ठेवू नकोस. घाईनं टाके काढून ग्राउंडवर उतरलेल्या मुलींचे पाय मी नंतर पुन्हा पाहिले आहेत. एक वर्ष गेलं तर जाऊ दे.

प्रश्न : बँकेतून निवृत्त झालो, ६१व्या वर्षी हार्मोनियम शिकतो आहे. उजवा अंगठा आत वळवला की तर्जनी आपोआप वाकते आणि भलताच सूर लागतो. सर म्हणतात, रियाज कमी पडतो. अर्धांगाची सुरुवात तर नाही?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. अंगठा करंगळीच्या मुळाकडे न्या. तर्जनीचं फक्त टोक वाकलं आणि ते रोखून धरल्यावर मनगटाजवळ ओढ जाणवली, तर तुमच्या अंगठ्याची आणि तर्जनीची कंडरा आत एका धाग्यानं जोडलेली आहे. १९७९ मध्ये लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी याचं वर्णन केलं, आणि ही जोडणी बऱ्याच लोकांत सापडते. रियाजानं ती सुटत नाही. मनगट दुखत असेल तर छोट्या शस्त्रक्रियेनं तो धागा कापता येतो, नुसत्या सुरासाठी मी कापणार नाही. अंगठा जिथे आत घ्यावा लागतो तिथे मधल्या बोटानं स्वर घेता येतो का, ते सरांबरोबर बसून पाहा. त्यांना हे पान दाखवा आणि त्यांच्यासमोर अंगठा वाकवून दाखवा.