अथेन्सला पुरातत्त्वासाठी यायचंय म्हणता, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पुरातत्त्वात एम.ए. झालंय, प्राचीन ग्रीसवर पीएच.डी. करायची आहे, नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगी सात वर्षांची आहे. सगळ्यांनी मिळून अथेन्सला यावं का, आणि आधी काय तयारी करावी? व्हिसाची यादी, फी, अर्जाच्या तारखा हे सगळं दूतावासाच्या आणि विद्यापीठांच्या पानांवर आहे, ते इथे उगाळत नाही. तिथे लिहिलेलं नसतं तेवढंच लिहिते. लांबेल, कारण हा प्रश्न कुणी विचारला की मला गप्प बसवत नाही.

आधी खोदण्याचं स्वप्न बाजूला ठेवा. ग्रीसमध्ये उत्खननाला संस्कृती मंत्रालयाची परवानगी लागते आणि परदेशी पथकांना ती अथेन्समधल्या परदेशी पुरातत्त्व-संस्थांमार्फतच मिळते. फ्रेंचांची संस्था १८४६ ची, जर्मनांची १८७४ ची, अमेरिकनांची १८८१ ची, ब्रिटिशांची १८८६ ची. डेल्फी फ्रेंचांकडे, ऑलिंपिया जर्मनांकडे, अथेन्सचा अगोरा (प्राचीन बाजारचौक) १९३१ पासून अमेरिकनांकडे, ही वाटणी आपल्या जन्माच्या कितीतरी आधी झाली. २००२ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेला वर्षाला स्वतःची तीन कामं आणि एफोरियाच्या भागीदारीत आणखी तीन, एवढीच मुभा दिली. (एफोरिया म्हणजे मंत्रालयाचं त्या त्या भागाचं पुरातत्त्व कार्यालय. हा शब्द आत्ताच पाठ करा.) भारताची अशी संस्था अथेन्समध्ये नाही. म्हणजे तुम्ही कायम दुसऱ्याच्या उत्खननावर पाहुण्या. सरकारी कायम नोकरीला ग्रीक किंवा युरोपीय संघातलं नागरिकत्व लागतं. बांधकामाआधीच्या बचाव उत्खननांवर कंत्राटी माणसं घेतात. थेसालोनिकीच्या मेट्रोच्या कामात तीन लाखांवर वस्तू निघाल्या, त्या अशाच माणसांच्या हातून. पण तिथली भाषा पहिल्या मिनिटापासून ग्रीक असते. समोर मजूर, डोक्यावर इंजिनियर, आणि बुलडोझर थांबलेला. इंग्रजीला तिथे कुणी उभं करत नाही.

उन्हाळी उत्खननावर जरूर जा, पण बरीचशी फील्ड स्कूल्स, म्हणजे उत्खनन शिकवणारी शिबिरं, विद्यार्थ्याकडूनच पैसे घेतात हे धरून चाला. दिवस उजाडता उजाडता सुरू होतो आणि दुपारी दोनच्या आसपास संपतो, कारण त्यानंतर उन्हात मातीचा रंग ओळखू येत नाही. कोरड्या मातीत दोन थरांमधली सीमा पुसली जाते, म्हणून फोटोआधी हलकं पाणी मारतात. जास्त मारलं तर सगळंच सारखं काळपट दिसतं.

खरं आयुष्य जातं ते गोदामात. अपोथिकी म्हणतात त्याला. पत्र्याचं छप्पर, प्लास्टिकचे क्रेट आणि त्यात पन्नास-साठ वर्षांची खापरं. माझ्या मते तुमच्यासारखीला उभं राहायला जागा इथेच आहे, पण इथेही एक गोष्ट आधी समजून घ्या. अप्रकाशित मालावर लिहिण्याचा हक्क उत्खनन करणाऱ्याचा असतो. कायद्यात मुदती आहेत, प्रत्यक्षात लोक थांबतात, आणि वारसाहक्काने हा माल गुरूकडून शिष्याकडे जातो. तुमच्या हातात खापर असेल, ते कुठलं आणि कधीचं हे तुम्हाला कळलेलं असेल, आणि तरी तुम्ही एक ओळ छापू शकणार नाही. हे मला आजही पचत नाही. कडवट वाटले तर वाटू दे. म्हणून विषय ठरवण्याआधी मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारा: कुठल्या गोदामातला कुठला माल, आणि त्याची लेखी परवानगी कोण देणार? उत्तर गोलगोल आलं तर दुसरा मार्गदर्शक बघा, तो कितीही नावाजलेला असला तरी.

आता गोदामात उपयोगी पडेल असं काय शिकून यायचं ते.

खापरं धुणं हलकं काम समजतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. मऊ ब्रश वापरा. घासायची ती तुटलेली कड, कारण भांड्याची माती तिथे वाचायची असते. पृष्ठभागावर हात हलकाच ठेवा. भाजल्यानंतर लावलेला रंग, पांढऱ्या लेपावरचं चित्र, शाईची अक्षरं पाण्याने निघून जातात, म्हणून आधी ओल्या बोटाने कोपऱ्यावर तपासा. आतल्या तेला-मद्याच्या अंशाची तपासणी करायची असेल तर खापर धुवायचंच नाही, ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून ठेवायचं. ग्रीसची माती चुनखडीची, त्यामुळे खापरांवर पांढरा थर बसतो. तो काढायला सौम्य ॲसिड वापरायची जुनी पद्धत आहे. खापर आधी पाण्यात मुरवलं नाही तर ॲसिड आत शिरतं, नंतर पुरेसं खळबळलं नाही तर क्षार बाहेर येऊन पृष्ठभाग फुटतो, आणि भांड्याच्या मातीतच चुना असेल तर भांडंच विरघळतं. हा निर्णय संवर्धकाचा असतो, विद्यार्थ्याने बाटलीला हात लावायचा नाही. वाळवायचं सावलीत, आणि खापरं कुठून निघाली याची चिठ्ठी ट्रेबरोबरच राहिली पाहिजे. चिठ्ठी हरवलेला क्रेट म्हणजे नुसतं वजन.

मग रेखाटन. काठाचा तुकडा सपाट काचेवर उलटा धरून पुढेमागे डोलवायचा. काठ आणि काच यांच्यामधून उजेड येणं थांबलं की तो भांड्याचा खरा कल. तिथेच वर्तुळांच्या तक्त्यावर व्यास घ्यायचा. काठ पूर्ण वर्तुळाच्या पाच टक्क्यांहून कमी उरला असेल तर व्यास लिहू नका, तो अंदाजही नसतो. कानाजवळचा काठ तर टाळाच, कान चिकटवताना कुंभाराच्या बोटांनी तो दाबलेला असतो. मऊ लेपाच्या खापराला प्रोफाइल गेजच्या (आकार उतरवून घ्यायच्या सुयांच्या कंगव्याच्या) सुया लावल्या की ओरखडे उठतात. तिथे कॅलिपर वापरा. पुण्यात हे शिकवतात, पण शंभर-दोनशे तुकडे हाताखालून गेल्याशिवाय हात बसत नाही. निघायच्या आधी ते करा.

अथेन्सच्या काळ्या चकचकीत भांड्यांबद्दल एक, कारण नवीन माणूस इथे हमखास फसतो. वरचा काळा थर हा रंग नाही, अगदी बारीक निवळलेल्या लोहयुक्त मातीचा लेप आहे. भट्टीत आधी हवा खेळती ठेवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं, मग हवा कोंडून ९०० च्या आसपास न्यायचं. सगळं काळं होतं आणि लेप काचेसारखा बंद होतो. मग गार होताना पुन्हा हवा द्यायची. सच्छिद्र अंग लाल होतं, बंद झालेला लेप काळाच राहतो. लेप पातळ पडला किंवा भांडी एकमेकांना टेकली असली तर तिथे लाल डाग राहतो. या डागाला वेगळं भांडं समजून वेगळ्या पिशवीत टाकणारे मी दरवर्षी पाहते.

आणि विषय? तुमच्या पत्रात अथेन्सची लाल आकृतीची भांडी आहेत, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रं असलेली. त्या विषयाला दीडशे वर्षांची जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन रांग आहे, तुम्ही तिच्या शेवटी उभ्या राहाल. त्याऐवजी भूमध्य समुद्राकडून पश्चिम भारताकडे गेलेला माल घ्या. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत पैठण, तेर, सोपारा, कल्याण, चौल ही नावं आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचा कांस्य पोसायडन तुम्ही पाहिलेला असेल. इजिप्तच्या बेरेनिकेला देवळाच्या आवारात एका भारतीय रांजणात साडेसात किलोंच्या आसपास काळी मिरी सापडली. यातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी झालेलं काम खापरांचं आहे. पश्चिम भारतात ‘रोमन अँफोरा’ (मद्य-तेलाचा दोन कानांचा रांजण) म्हणून नोंदलेल्या बऱ्याच खापरांची खापरतज्ज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी फेरतपासणी केली, तेव्हा ती मेसोपोटेमिया आणि इराणी आखाताकडच्या टॉर्पेडो जारची निघाली. या जारला कान नसतात आणि आतून डांबराचा काळा लेप असतो. खऱ्या अँफोरात कोस बेटाच्या घाटाचे जोडकान बघा. नेपल्सच्या उपसागराकडच्या मातीत व्हेसुव्हियसची काळी चमकदार वाळू दिसते. नाईलच्या गाळाची माती गडद तपकिरी आणि अभ्रकाची. दहापट भिंग आणि चिमट्याने काढलेली ताजी कड, एवढ्यावर पहिली विभागणी होते. पुढे थिन सेक्शन, म्हणजे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप. अथेन्समध्ये ब्रिटिश संस्थेच्या फिच प्रयोगशाळेत हे काम दशकानुदशकं चालतं. नमुना कापायला वेगळी परवानगी लागते आणि देशाबाहेर न्यायला आणखी वेगळी. दख्खनचा बेसाल्ट सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो हे माहीत असलेली माणसं या गोदामांत फारशी नाहीत. तुम्ही असाल.

भाषा कुठल्या क्रमाने? बोलीची आधुनिक ग्रीक सगळ्यात आधी, प्राचीन ग्रीकच्याही आधी. मग वाचण्यापुरती जर्मन, कारण केरामेइकोस (अथेन्सची जुनी कुंभारवस्ती आणि दफनभूमी) आणि ऑलिंपियाचे उत्खनन-खंड तीत आहेत, आणि फ्रेंच, डेलोस बेटाच्या उत्खननासाठी. एक अडचण कुणी सांगत नाही: जुने ग्रीक उत्खनन-अहवाल कथारेवुसा या पंडिती ग्रीकमध्ये आहेत. ती १९७६ पर्यंत सरकारी भाषा होती. वर्गात शिकलेली ग्रीक तिथे अर्ध्यात सोडून जाते.

कागदपत्रं. दोनच गोष्टी सांगते, दोन्ही नावाच्या. ग्रीसमध्ये प्रत्येक अर्जावर वडिलांचं आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात लागतं. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं. खिडकीपलीकडचा माणूस तेच वडिलांचं धरतो. शिवाय १९८३ पासून ग्रीक कायद्याने बाई लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवते, त्यामुळे पदवी एका आडनावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या आडनावाचा हे त्याला समजतच नाही. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदललं असेल तर राजपत्र, आणि तुमचा जन्मदाखला, तिन्ही अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणा. जुन्या जन्मदाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, ते आधी नगरपालिकेत चढवून घ्या. इथून हे करायला गेलात तर घरच्या कुणाला तरी महिनोन् महिने खेटे घालावे लागतात. दुसरं: करक्रमांक, म्हणजे ॲफिमी, काढताना नावाचं ग्रीक लेखन जसं पडेल तसंच पुढे सगळीकडे चिकटतं. ग्रीकमध्ये श, च, ज, ह नाहीत. लेखन स्वतः ठरवून कागदावर लिहून न्या, समोरच्यावर सोडू नका.

राहण्याचा परवाना नूतनीकरणात अडकला की हातात नुसती पोचपावती असते. तिच्यावर शेंगेनमधल्या दुसऱ्या देशात जाता येत नाही. रोमची परिषद बुडते, आणि भारतात यायचं तर युरोपात विमान न बदलता, आखातातून. नवरा आणि मुलगी विद्यार्थ्याच्या परवान्यावर आपोआप येतात असं गृहीत धरू नका, त्यांचं कलम स्वतंत्र विचारा.

मुलीची शाळा. सरकारी शाळा फुकट आहे आणि घेतातही. लसीकरणाचं पुस्तक तारखांसकट इंग्रजीत करून आणा, इथला बालरोगतज्ज्ञ त्यावरून आरोग्यपत्र भरतो. शाळा दुपारी सव्वाच्या सुमाराला सुटते. पूर्ण दिवसाचा वर्ग आहे का, चारपर्यंत ठेवतात का, हे घर भाड्याने घेण्याआधी विचारा, नाहीतर तुमचा गोदामातला दिवस अर्धा जातो. ग्रीक धर्मशिक्षणाच्या तासाला पालकांच्या अर्जावर सूट मिळते. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी स्वागतवर्ग असतात, पण सगळ्या शाळांत नाहीत. ते नसले की मूल एक इयत्ता खाली बसवण्याचा सल्ला मिळतो, आणि तो फार गोड शब्दांत मिळतो. गणितात वर्गाच्या पुढे असलेल्या मुलालाही. आमच्या घरात हे झालं आहे आणि त्या गोड शब्दांचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही नाही म्हणू शकता. तसं ग्रीकमध्ये लिहून न्या, खाली सही करा, आवक क्रमांक मागा. क्रमांक पडलेल्या कागदाला इथे उत्तर द्यावं लागतं, बोलण्याला नाही. सात वर्षांची मुलगी सहा-आठ महिन्यांत तुमच्यापेक्षा चांगलं ग्रीक बोलेल. मग ती घरी मराठीत उत्तर देणं कमी करेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, कामात असलं की जातो. इथले भारतीय बहुतेक पंजाबी, मॅरेथॉनकडच्या शेतांत राबणारे. मसाले ओमोनियाच्या आसपास मिळतात. मराठी माणूस क्वचित. संध्याकाळी मराठीत भांडायला तुमच्याकडे नवरा असणार आहे, ती सोय प्रत्येकाला नसते.

मार्गदर्शकाला पहिलं पत्र पाठवाल तेव्हा सोबत दहा खापरांची रेखाटनं जोडा, १:१ मापात, खाली मोजपट्टीसह. दख्खनची असली तरी चालतील. प्रत्येकीखाली मातीचं वर्णन तीन ओळींत लिहा, त्यात ताज्या कडेचा रंग आणि कणांचा आकार हवाच. आणि पत्र ऑगस्टमध्ये पाठवू नका. १५ ऑगस्टच्या, म्हणजे इथल्या मेरीच्या सणाच्या, आगेमागे अथेन्स रिकामं असतं आणि सप्टेंबरमध्ये तुमचं पत्र शंभर पत्रांच्या खाली जातं.