यवतमाळकडे फवारणी करणाऱ्या मजुरांना विषबाधेबद्दल सांगायचं आहे. गावोगाव पोस्टर लावले तर पुरेल का?

नाही पुरणार; औषध विकत घेतो मालक आणि अंगावर घेतो मजूर, म्हणून मोहीम दोघांसाठी वेगवेगळी आखा. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली होती. मालकाला कृषी केंद्राच्या काउंटरवरच गाठा: हातमोजे, मास्क, चष्मा देणं त्याचं काम आहे आणि दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळायची नाहीत. मजुराला संध्याकाळी पारावर, रिकामी बाटली हातात धरून दाखवा. लेबलवरचा मजकूर मुंगीएवढा असतो, पण त्रिकोणाचा रंग निरक्षरालाही कळतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे नेमकं सांगायचं राहून जातं. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाने भिजला की तेच विष नाकाशी धरून ठेवतो. हेही ओला रुमाल दाखवूनच पटतं. याशिवाय तीनच गोष्टी सांगा, जास्त सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही:

- वारा पाठीवर घ्या, तोंडावर नाही.
- घाम, लाळ, मळमळ, अंधुक दिसणं सुरू झालं की पंप खाली ठेवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा.
- 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. तिच्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

झरी-जामणी, केळापूरच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) मात्र सांगणारा कोलामी बोलणाराच हवा. आणि मोहीम जूनमध्ये नको, कपाशी डोक्याएवढी वाढायच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा घ्या.