बाबांना 'चेकअप' ऐकू आलं, आता खरं कसं सांगू?

डोंबिवलीच्या बाळा, आधी सॉरी, तुझं पत्र वाचताना मी एवढी हसले की गॅसवरचा चहा उतू गेला. चार वर्षांचं नातं तुटलंय, त्यात हसण्यासारखं काही नाही हे कळतंय गं. पण तू गच्च भरलेल्या लेडीज डब्यात दाराशी लटकलेली, बाजूला कानातलेवाली ओरडतेय, त्यात तू फोनवर सांगतेस 'बाबा, माझं ब्रेकअप झालं' आणि पलीकडून 68 वर्षांचे बाबा म्हणतात, 'चेकअप झालं? छान! उपाशीपोटी गेली होतीस ना?' आणि वर 'दर वर्षी करत जा'!! आता कोण हसणार नाही सांग. त्यात आत्याचाही फोन येऊन गेला, थायरॉइड केलंस का म्हणून. आणि तू विचारतेस, हे असंच राहू देऊ का?

नको राहू देऊस. आज ना उद्या बाबा विचारणारच की तो मुलगा हल्ली घरी येत नाही, तेव्हा काय रिपोर्ट दाखवणार?

पण पत्राच्या शेवटी एक ओळ तू घाईघाईत लिहिलीयस, मी तिथेच अडकले. बाबा म्हणाले, 'एकटीच कशाला गेलीस, मला सांगायचं, मी आलो असतो सोबत.' अगं, ब्रेकअप नीट ऐकू आलं असतं तरी याहून वेगळं काय म्हणाले असते ते?

तर सांग, पण फोनवर नाही. वय झालं की बहुतेकांचे आधी बारीक, टिपेचे आवाज जातात, म्हणजे स्वर ऐकू येतात पण व्यंजनं निसटतात, त्यात साध्या जुन्या पद्धतीच्या कॉलवर 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो, वर तुझ्या ट्रेनची धडधड. बाबांपर्यंत 'एकअप' पोचलं असेल, सुरुवातीचं अक्षर त्यांनी आपल्या मनाने लावलं, आणि या वयात माणूस चेकअपच लावणार ना. आमच्याकडे परवा मी ह्यांना विचारलं ओटीपी आला का, तर हे स्टूल घेऊन माळ्यावर टोपी शोधायला. खाली उतरेपर्यंत ओटीपी एक्स्पायर.

रविवारी टीव्ही बंद कर, समोर बस, तुझ्या तोंडावर उजेड पडेल अशी, म्हणजे त्यांना ओठ दिसतील. ओरडू नकोस, ओरडलं की शब्द अजून फाटतो आणि बाबांच्या आधी शेजारच्या काकूंना कळतं. आणि तो 'ब्रेकअप' शब्दच नको, सरळ 'बाबा, आमचं मोडलं' म्हण. रडू आलं तर येऊ दे.

मग महिन्याभरात त्यांचे कान दाखव. आधी ईएनटीकडे, कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. नाहीतर बांद्रा पश्चिमेला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, 1983 पासूनची, तिथे श्रवण तपासणी होते. 'मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच पुटपुटता' हे होणारच, तयारी ठेव. त्यांना सांग, चेकअपला जायचंय, मी येतेय सोबत.

त्यावर 'ब्रेकअप?' म्हणाले तर मला लगेच कळव.

— तुझी मावशी