स्पॅनिश आडनावं कुठून आली, आणि तिकडच्या बायका नवऱ्याचं आडनाव का लावत नाहीत?

तुम्ही विचारलंय की स्पॅनिश आडनावांचे प्रकार कोणते, प्रत्येकाला दोन-दोन आडनावं कशाला, आणि खाली एक ओळ जोडलीय की ‘बायका नवऱ्याचं आडनाव लावत नाहीत, मग घर एक आहे हे कळणार कसं?’ खरं सांगते, त्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलेय.

आम्ही स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात मी दवाखान्याचं कार्ड काढायला गेले. फॉर्मवर नावाचे तीन रकाने होते आणि हात सवयीने चालला, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, झालं. पण तिकडे ते तीन रकाने म्हणजे नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव, म्हणजे वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक, आणि हाक मारतात ती पहिल्या आडनावाने. पुढच्या आठवड्यात बाकावर बसलेय, नर्स दारात येऊन ‘सेन्योरा बासान्त, सेन्योरा बासान्त’ असं दोनतीनदा ओरडली, मी आपली इकडेतिकडे बघतेय कोण ही बाई म्हणून, आणि मग एकदम लक्षात आलं की स्पॅनिशमध्ये ‘व’चा ‘ब’ होतो. वसंत. माझे बाबा. त्यांना जाऊन सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत त्यांच्या नावाने कुणी मोठ्याने हाक मारलेली मी ऐकली नव्हती, घरी सगळे ‘तुझे बाबा’ असंच म्हणायचे. उठवेना मला. नर्सला वाटलं काही दुखतंय, तिने हात धरून आत नेलं आणि आधी बीपी घेतलं.

आता आडनावाच्या शेवटी येणाऱ्या ‘एझ’बद्दल. तेही बापाचंच नाव आहे. रोद्रिगोचा रोद्रिगेझ, सांचोचा सांचेझ, फर्नांदोचा फर्नांदेझ, गोन्सालोचा गोन्सालेझ. आणि जुन्या काळी हे दर पिढीला बदलायचं, अगदी आपल्या मधल्या नावासारखं. एल सिद म्हणून त्यांचा मोठा योद्धा होऊन गेला, 1094 मध्ये त्याने हेच व्हॅलेन्सिया जिंकलं आणि 1099 मध्ये इथेच वारला. त्याचं नाव रोद्रिगो दियाझ, कारण वडील दिएगो. वडिलांचं नाव दिएगो लाइनेझ, कारण आजोबा लाइन. आणि एल सिदचा मुलगा दिएगो रोद्रिगेझ! पुढे हे बदलणं थांबलं आणि कुणातरी एका पूर्वजाचं नाव घराण्याला कायमचं चिकटलं. त्यांच्याकडे गोठलं ते आपल्याकडे अजून जिवंत आहे, असं मला वाटतं.

बाकी प्रकार तुम्हाला सहज समजतील, आपल्यासारखेच आहेत. गावावरून-प्रदेशावरून तोलेदो, नवारो. आसपासच्या खुणेवरून तोरेस म्हणजे बुरूज, इग्लेसियास म्हणजे चर्च. धंद्यावरून एरेरो म्हणजे लोहार. दिसण्यावरून रुबिओ, देल्गादो, म्हणजे सोनेरी केसांचा, बारीक. उत्तर स्पेनमधल्या बास्क लोकांची घरावरून, एचेवेरिया म्हणजे नवं घर, आणि जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे त्या सेंट झेवियरचं ‘झेवियर’सुद्धा त्याच शब्दातून आलेल्या गावाचं नाव. एक मात्र वाईट आहे, एक्स्पोसितो. अनाथालयाच्या दारात टाकून दिलेल्या बाळांना ते लावायचे, आणि तो शिक्का पिढ्यानपिढ्या राहायचा म्हणून 1921 मध्ये ते बदलायची सोय कायद्याने केली.

दोन आडनावांची रीत जुनी होती, 1870 च्या नागरी नोंदणी कायद्याने ती पक्की झाली. कोलंबियाचे लेखक गार्सिया मार्केझ, त्यांना आपण सगळे नुसतं मार्केझ म्हणतो, ते त्यांच्या आईकडचं. पिकासोही आईकडचं, वडिलांचं रुईझ.

आणि लग्न झालं म्हणून बाईचं यातलं काहीही बदलत नाही. माझ्या शेजारच्या आजींचं आडनाव एक, आजोबांचं वेगळं, पन्नास वर्षांचा संसार, रविवारी सगळी नातवंडं जेवायला. घर कसं कळतं म्हणता? दारातच कळतं.

माझ्या लग्नात हॉलमध्येच तांदळाचं ताट पुढे आलं तेव्हा मी म्हटलं मला नाव बदलायचं नाहीये, मधलंही नाही. आत्येसासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘बापाचं नाव माहेरी ठेवून यायचं असतं, सासरी काय सांगायचं लोकांना?’ बाबा बाजूलाच उभे होते, म्हणाले, ‘लिहू दे गं, तांदूळच आहेत.’ मी लिहू दिलं. कागदावर मात्र कधीच बदललं नाही, आणि आत्या दर दिवाळीला तो विषय काढायच्या. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, आत्या. एका अख्ख्या देशात बायका बापाचं नाव घेऊन सासरी जातात आणि कुणी काही सांगत बसत नाही.

हां, एवढं सांगायला हवं की तिकडे सगळं बरोबरीचं आहे असं नाही. आईकडचं आडनाव म्हणजे शेवटी तिच्या वडिलांचंच, आणि नातवंडांपर्यंत ते गळून जातं. क्रम उलटा करायची मुभा 1999 मध्ये मिळाली, आणि वडिलांचंच आधी ही आपोआपची रीत 2017 मध्ये गेली. शिवाय ‘एझ’सारखं दिसणारं सगळंच बापाचं नसतं, कोर्तेझ म्हणजे सभ्य, रीतभात असलेला. आणि गोव्यातले, वसईतले फर्नांडिस-रॉड्रिग्ज पोर्तुगीज वळणाचे, बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेले, त्यावरून कुणाचे पूर्वज युरोपातले ठरवू नका. पोर्तुगीजांत क्रमही उलटा, आईकडचं आधी.

तिकडे जाणार असाल तर पहिल्या आडनावाच्या रकान्यात आपलं आडनावच लिहा, वडिलांचं नाव नको, पासपोर्टशी जुळत नाही. मलाही शेवटी दुरुस्त करून घ्यावं लागलं. चार महिने मी ते काम पुढे ढकलत होते.